लहान मुलांच्या जुनाट गांधी: नोंदपत्रक, मात्रा आणि औषधाचा प्रतिसाद (प्रकल्प नोंदी, नागपूर)

2 जून 2025

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, आज संपतो. घामोळं, गांधी (अंगावर उठणारे खाजरे, फुगीर चट्टे, म्हणजे पित्त उठणं) आणि डास चावल्याचे फोड या तिन्ही तक्रारी बाह्यरुग्ण विभागात एकाच रांगेत आहेत, म्हणून पहिलं काम गाळणीचं. घरी रोज भरायचं नोंदपत्रक फक्त त्या मुलांना द्यायचं ज्यांच्या अंगावर गांधी, ओठ-पापण्यांची सूज किंवा दोन्ही सहा आठवड्यांहून जास्त काळ येत-जात आहेत. त्याआतलं दुखणं बहुधा सर्दी-तापाच्या विषाणूमागून येतं आणि आपोआप शमतं.

कसोटीला बॉलपेन पुरतं. ताज्या गांधीच्या कडेने रेघ ओढायची, बाजूला वेळ लिहायची, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फोटो काढायचा. रेघेच्या आतली कातडी साफ असेल आणि नवी गांध भलतीकडेच उठली असेल, तर ती खरी गांध. 24 तास उलटूनही ती तिथंच असेल, खाजेपेक्षा आग जास्त असेल, जाताना निळसर-तपकिरी डाग राहत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका घेऊन बायोप्सीकडे (कातडीचा तुकडा काढून तपासण्याकडे) जावं लागतं. सुजेला मात्र ही मुदत लावायची नाही. ती 72 तासांपर्यंत टिकू शकते.

आणखी दोन प्रकारची मुलं वेगळी काढायची. तान्हेपणापासून चट्टे, सोबत पुन्हापुन्हा ताप व सांधेदुखी, औषधाचा काडीचा फरक नाही: इथे स्वयंदाहाचे (प्रतिकारयंत्रणा स्वतःहून दाह पेटवते असे) आनुवंशिक आजार पाहायचे. गांध कधीच नाही, नुसती सूज येते: आधी रक्तातलं सी-4 हे प्रथिन तपासायचं, कारण आनुवंशिक अँजिओएडिमात (घराण्यातून येणाऱ्या सुजेच्या आजारात) ना अँटीहिस्टामिन (ॲलर्जीचं नेहमीचं औषध) चालत ना स्टेरॉइड.

5 जून

पत्रकावर 'पित्त' लिहायचं की 'गांधी', यावर बराच वेळ गेला. घराघरात शब्द पित्तच आहे: "पोराला पित्त उठून राहिलं." पण पित्त म्हटलं की सगळं लक्ष पोटाकडे वळतं. आंबट बंद होतं, आम्लपित्ताचं पातळ औषध सुरू होतं, अंगाला आमसुलाचं पाणी चोळलं जातं. आमसुलाने थंड वाटतं, इजा होत नाही. नुकसान होतं ते औषधाची वेळ टळल्याने. या दुखण्याचा पोटातल्या पित्ताशी संबंध नाही. कातडीतल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे खाज-सूज आणणारं रसायन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, तेवढी जागा फुगते आणि काही तासांत बसते. मथळा ठरला: 'अंगावर उठणाऱ्या गांधी, म्हणजे पित्त उठणे'. हिंदी बोलणाऱ्या घरांच्या प्रतीत 'पित्ती'.

11 जून

पत्रक तयार. आधार जगभर वापरल्या जाणाऱ्या यूएएस-7 चा, म्हणजे गांधी आणि खाजेचे सात दिवसांचे गुण मोजण्याच्या पद्धतीचा. रोज दोनच आकडे लिहायचे.

गांधी: एकही नाही 0, वीसपेक्षा कमी 1, वीस ते पन्नास 2, पन्नासहून जास्त किंवा एकमेकींत मिसळून मोठाले पट्टे झाले तर 3.
खाज: नाही 0, आहे पण त्रास वाटत नाही 1, त्रास होतो पण खेळ-झोप चालू आहे 2, खेळ किंवा झोप मोडते 3.

दिवसाचे जास्तीत जास्त 6, आठवड्याचे 42. शून्य म्हणजे पूर्ण आराम, 1 ते 6 चांगला ताबा, 7 ते 15 सौम्य, 16 ते 27 मध्यम, 28 आणि पुढे तीव्र.

नमुना म्हणून भरलेला आठवडा मागच्या बाजूला छापला. गांधी 3, 2, 2, 1, 2, 3, 1, बेरीज 14. खाज 3, 3, 2, 2, 2, 3, 2, बेरीज 17. एकूण 31, तीव्र. हा नमुना मुद्दाम निवडला. यातल्या चौथ्या दिवशी कोणी मुलाला पाहिलं तर गांधीचा गुण 1 आणि "ठीक आहे" एवढंच दिसेल. दवाखान्यात येण्याच्या दिवशी अंग साफ असणं हे या आजारात नेहमीचंच, आणि त्या एका दिवसावरून औषध ठरवणं हीच पहिली चूक.

भरताना होणाऱ्या चुका चाचणीतच दिसल्या. एक, त्या क्षणी दिसणाऱ्या गांधीच मोजल्या जातात. मोजायच्या आहेत 24 तासांतल्या सगळ्या. म्हणून वेळ बांधून दिली: संध्याकाळी अंग धुताना, पाठ आणि मांड्यांसकट. दोन, आठवड्याच्या शेवटी सातही घरं एकाच शाईत, एकाच बैठकीत भरली जातात. सुटलेला दिवस कोराच ठेवा, असं ठळक छापलं. तीन, सहा वर्षांखालचं मूल खाजेला आकडा देऊ शकत नाही. तिथे आईने रात्री मूल किती वेळा उठलं, चादरीला रक्ताचे ठिपके आहेत का, एवढं पाहून गुण द्यायचा.

19 जून

मात्रातक्ता. सगळ्या कामात याच पानाने सर्वाधिक वेळ घेतला, आणि घ्यायलाच हवा होता.

सुरुवात दुसऱ्या पिढीच्या, गुंगी कमी आणणाऱ्या एकाच अँटीहिस्टामिनने, नेहमीच्या मात्रेत, रोज.

लेव्होसेटिरिझिन: 6 महिने ते 5 वर्षे 1.25 मिग्रॅ, 6 ते 11 वर्षे 2.5 मिग्रॅ, 12 वर्षांपासून 5 मिग्रॅ, दिवसातून एकदा संध्याकाळी. आपल्याकडचं सिरप साधारण 5 मिलीत 2.5 मिग्रॅ असतं, म्हणजे अनुक्रमे अडीच, पाच आणि दहा मिली.
सेटिरिझिन: 6 ते 11 वर्षांना दिवसाला 5 ते 10 मिग्रॅ. सिरप 5 मिलीत 5 मिग्रॅ.
फेक्सोफेनाडिन: 2 ते 11 वर्षे 30 मिग्रॅ दोनदा. सस्पेन्शन 5 मिलीत 30 मिग्रॅ, बाटली हलवल्याशिवाय द्यायची नाही.
बिलास्टिन: 6 ते 11 वर्षे आणि वजन किमान 20 किलो असेल तर 10 मिग्रॅ एकदा, खाण्याच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी.

सेटिरिझिन आणि लेव्होसेटिरिझिन या जोडीत गोंधळ ठरलेला. लेव्होसेटिरिझिनची निम्मी मात्रा सेटिरिझिनच्या पुऱ्या मात्रेइतकं काम करते, म्हणून सिरपचे मिली सारखेच राहतात, पण गोळी 10 ऐवजी 5 ची होते. सिरपवरून गोळीवर जाताना मिग्रॅ लिहिले नाहीत तर दुप्पट किंवा निम्मं जातं. चिठ्ठीवर मिली आणि मिग्रॅ दोन्ही लिहायचे, अपवाद नाही.

थेंबांची बाटली हा आणखी एक धोका. हायड्रॉक्सिझिनचं सिरप मिलीला 2 मिग्रॅ आणि थेंब मिलीला 6 मिग्रॅ, म्हणजे तिप्पट. हायड्रॉक्सिझिन, क्लोरफेनिरामिन, सायप्रोहेप्टाडिन ही जुनी औषधं आम्ही तक्त्यात ठेवलीच नाहीत. "रात्री झोप तरी लागते" हे खरं, पण ती झोप नीट नसते, गुंगी सकाळच्या तासांवर उतरते, आणि आधीच रात्रभर खाजवून दमलेलं मूल फळ्याकडे बघत पेंगतं.

चमचा बंद, पिचकारी सुरू. घरातला चहाचा चमचा अडीच मिलीपासून सात मिलीपर्यंत काहीही असू शकतो. प्रत्येक पत्रकासोबत सुई नसलेली 5 मिलीची सिरिंज द्यायची आणि हव्या त्या खुणेवर न पुसणाऱ्या शाईची रेघ मारायची. रेघ दट्ट्याच्या कोणत्या कडेशी जुळवायची हेही दाखवावं लागतं: काळ्या रबराची पुढची, म्हणजे सुईकडची कडा. मागच्या कडेशी जुळवलं तर अडीच मिलीत चांगलाच फरक पडतो. आईकडून एकदा पाणी ओढून घ्यायचं, मगच तिला घरी सोडायचं.

26 जून

विदर्भातल्या शाळा उघडल्या, तशी खांद्यावरच्या चट्ट्यांची तक्रार आली. दप्तराच्या पट्ट्याखालच्या खुणेचे दोन अर्थ निघतात आणि वेळेवरून ते वेगळे करता येतात. पट्टा घासल्यावर काही मिनिटांत रेघा उठल्या आणि तासाभरात गेल्या, तर घासून उठणाऱ्या गांधी. चार-सहा तासांनी, घरी आल्यावर दुखरी सूज आली, तर दाबाने उशिरा उठणाऱ्या गांधी. यांचं नाव वेगळं लिहायलाच हवं, कारण दाबाच्या गांधींवर अँटीहिस्टामिन कमी चालतं आणि पालकांना औषध फुकट गेल्यासारखं वाटतं.

घासण्याची चाचणी: बंद बॉलपेनच्या बोथट टोकाने हाताच्या आतल्या बाजूवर मध्यम जोराने रेघ ओढायची आणि 10 मिनिटांनी वाचायची. नुसती लाली नको, खाजणारा उंचवटा हवा.
दाबाची चाचणी: 3 सेंमी रुंद पट्ट्याला 7 किलो वजन लटकवून खांद्यावर 15 मिनिटं, वाचन सहा तासांनी. हे वजन मोठ्या मुलांसाठी. दुसरीतल्या मुलाच्या खांद्यावर ते टाकायचं नाही. त्याच्याबाबत शाळेच्या दिवसाची नोंद पुरते.

दोन्हीआधी अँटीहिस्टामिन किमान तीन दिवस बंद हवं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंतच असावं असं 2020 चं केंद्राचं धोरण सांगतं. 20 किलोच्या मुलाला 2 किलो. अशा मुलाच्या पालकांना ते शाळेसाठी लिहून द्यायचं.

14 जुलै

पावसाने डास आणले. कीटकदंशाचे फोड 'जुनाट पित्त' म्हणून पाठवले जात आहेत. फरक सोपा: फोड उघड्या हातापायांवर, बहुधा पुंजक्याने, मधोमध टोचल्याची खूण, आणि तोच फोड दिवसेंदिवस तिथंच. पेनची रेघ इथेही निकाल देते. या मुलांना मच्छरदाणी लागते, खाटेतले ढेकूण मारावे लागतात. महिनोन् महिने सिरप लागत नाही.

25 जुलै

पहिली पत्रकं परत आली. गुण उतरले नाहीत अशा प्रत्येक मुलाची बाटली आणि सिरिंज मागवून पाहिली. औषध बदलण्याआधी हे करायचंच, हा नियम आज पक्का केला. सापडलेलं असं:

"पित्त उठलं की देतो नं आम्ही." हे सर्वांत जास्त. गांध उठली म्हणजे हिस्टामिन आधीच सुटून कामाला लागलेलं असतं. औषधाने ग्राहीची (पेशीवर हिस्टामिन जिथे चिकटतं ती) जागा त्याआधी अडवलेली असेल तरच उपयोग. अंग साफ असलेल्या दिवशीही द्यायचं, हे वाक्य आता पत्रकाच्या डोक्यावर आहे.

लेव्होसेटिरिझिनऐवजी लेव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट (दम्याचं औषध) यांची जोडगोळी हातात पडलेली. मात्रा वाढवायची वेळ आली की मॉन्टेलुकास्टही दुप्पट होतं. त्याने चिडचिड, वाईट स्वप्नं, मनावर परिणाम होऊ शकतो. अमेरिकी औषध प्रशासनाने 2020 मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. या आजारात त्याचा फायदाही क्षीणच. एकट्या औषधाची बाटली हवी, हे चिठ्ठीवर लाल शाईने.

तापाला मेफेनामिक आम्ल किंवा आयबुप्रोफेनचं सिरप. काही मुलांच्या गांधी या जातीच्या औषधांनी भडकतात, आणि तापाचा विषाणूही भडकवतो. दोन्ही एकदम आले की दोष नेमका अँटीहिस्टामिनवर येतो. तापाला पॅरासिटामॉल, किलोला 15 मिग्रॅ.

12 ऑगस्ट

तपासण्यांचं पान छोटं ठेवलं. सगळ्यांना रक्तातल्या पेशींची गणना, सोबत ईएसआर किंवा सीआरपी, या अंगातला दाह दाखवणाऱ्या चाचण्या. तज्ज्ञाकडे पोहोचलेल्या, न आटोपणाऱ्या मुलांत एकूण आयजीई (ॲलर्जीशी जोडलेलं प्रतिपिंड) आणि थायरॉइडविरोधी अँटी-टीपीओ हे प्रतिपिंड. वाढ खुंटली असेल किंवा पोट बिघडलेलं असेल तर सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनने आतडं बिघडणाऱ्या आजाराची) चाचणी. इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेले असतील तर शौचाची तपासणी आणि शाळेत किंवा अंगणवाडीत जंताची गोळी केव्हा घेतली याची विचारणा.

शंभर-दीडशे पदार्थांचं 'ॲलर्जी पॅनेल' मात्र नाही. रक्तात एखाद्या पदार्थाचं आयजीई सापडणं म्हणजे तो खाल्ल्याने गांधी उठतात असं नव्हे. तो कागद घरी गेला की वांगं, अंडं, दूध, शेंगदाणा, डाळ एकामागून एक ताटातून उठतात. मूल वाळतं, गांधी तशाच राहतात. अन्नाची खरी ॲलर्जी लपून बसत नाही: तोच पदार्थ, मिनिटांत ते दोन तासांत, दरवेळी. पत्रकात 'काय खाल्लं' हा रकाना आम्ही मुद्दाम ठेवलेला नाही. तो रकाना असला की घरचे आजार मोजायचं सोडून गुन्हेगार शोधत बसतात.

9 सप्टेंबर

मात्रा वाढवण्याचा नियम. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं हीच पायरी सांगतात: नेहमीची मात्रा 2 ते 4 आठवडे, ताबा नसेल तर त्याच औषधाची मात्रा टप्प्याटप्प्याने, चौपटीपर्यंत. मुलांतही हाच क्रम, पण वजन सांभाळून आणि तज्ज्ञाच्या देखरेखीत, कारण वाढीव मात्रा औषधाच्या मंजूर पत्रकात नसते. पालकांना हे स्पष्ट सांगून त्यांची संमती नोंदवायची.

सात वर्षांच्या मुलाचं उदाहरण: लेव्होसेटिरिझिन 2.5 मिग्रॅ रोज, 14 पूर्ण दिवस, गुण 31 वरून 24. आधी बाटली तपासली, औषध रोज गेलेलं आहे. आता 2.5 मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ. पुढच्या दोन आठवड्यांत गुण 11. सौम्य पट्ट्यात आलं, पण थांबायचं नाही. ध्येय शून्य आहे. वाढवताना तीन गोष्टी विचारायच्या: वर्गात पेंग, भूक, मूत्रपिंडाचा आजार. मूत्रपिंड अधू असेल तर लेव्होसेटिरिझिन साठतं. दोन वेगवेगळी अँटीहिस्टामिनं एकत्र चालवण्यापेक्षा एकाचीच मात्रा वाढवणं बरं. नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

30 ऑक्टोबर

दिवाळीनंतरचा आठवडा. "बरं वाटलं म्हणून बंद केलं", आणि गुण परत वर. औषध आजाराचं मूळ काढत नाही. आजार स्वतःहून थंडावेपर्यंत मुलाला शांत ठेवतं. उतरवण्याची पायरी लिहून दिली: सलग तीन महिने पूर्ण आराम, मग महिन्याला एक नेहमीची मात्रा कमी. गांधी परतल्या तर मागच्या पायरीवर जायचं.

दुकानातून थेट घेतलेले बीटामेथासोन या स्टेरॉइडचे थेंबही याच दिवसांत जास्त दिसतात. दोन दिवसांत अंग साफ, म्हणून विश्वास बसतो. बंद करताच परत. तीव्र भडक्यात तोंडावाटे स्टेरॉइड जास्तीत जास्त दहा दिवस, तेही डॉक्टरांच्या हातून. महिनोन् महिने थेंब घेतलेल्या मुलाची उंची, वजन, रक्तदाब पहिल्याच भेटीत नोंदवायचे, आणि थेंब एकदम तोडायचे नाहीत.

18 नोव्हेंबर

आंबिया बहाराची संत्री बाजारात आहेत. काटोल-नरखेडकडच्या घरात या दिवसांत औषधही रसासोबतच दिलं जातं. फेक्सोफेनाडिन संत्रा, मोसंबी किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतलं तर आतड्यातून शोषण बरंच घटतं, कारण ते आत नेणारी वाहक प्रथिनं रसाने अडतात. बिलास्टिनचंही तसंच. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं आम्लपित्ताचं औषध फेक्सोफेनाडिनसोबत दिलं तरी हेच होतं. 5 जूनच्या नोंदीतला 'पित्त' शब्द इथे पुन्हा आडवा येतो. तक्त्यात भर: फेक्सोफेनाडिन आणि बिलास्टिन साध्या पाण्यासोबतच.

संत्रं बंद करायला मात्र आम्ही कुणालाच सांगत नाही. आंबटाने गांधी वाढतात म्हणून नागपूरच्या पोराला हिवाळाभर संत्र्यापासून लांब ठेवणं हा त्याच्यावर विनाकारण अन्याय आहे. औषधापासून दोन तास अंतर ठेवा आणि खुशाल खाऊ द्या.

22 डिसेंबर

थंडीने उठणाऱ्या गांधी. बर्फाचा खडा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत थोड्या पाण्यासह, हाताच्या आतल्या बाजूवर 5 मिनिटं. काढल्यावर 10 मिनिटांनी वाचायचं: खड्याच्या आकाराची गांध उठली तर चाचणी होकारार्थी. कोरडा, नुकता फ्रीजरमधून काढलेला बर्फ नको, कातडी भाजते.

आजार हिवाळ्यापुरता नाही. घामाने भिजून कूलरसमोर उभं राहिलं की बाष्पीभवनाची थंडी पुरते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांतही गांधी येतात. खरा धोका पोहण्याचा. पूर्ण अंग एकदम गार पाण्यात गेलं तर रक्तदाब कोसळून मूल पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतं. अशा मुलाने तलावात किंवा तरणतलावात एकट्याने उतरायचंच नाही, सूर मारायचा नाही. घशात सूज, धाप, वारंवार उलटी, भोवळ यांतलं काहीही गांधींसोबत आलं की सिरप नाही, ॲड्रिनलिन: मिलीला 1 मिग्रॅचं, किलोला 0.01 मिग्रॅ, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. 20 किलोच्या मुलाला 0.2 मिली. हा आकडा भिंतीवर लावला.

13 जानेवारी 2026

चौपट मात्रेनेही न आटोपणाऱ्या, 12 वर्षांवरच्या मुलांसाठी आयजीईला अडवणारं इंजेक्शन, ओमालिझुमॅब: 300 मिग्रॅ दर चार आठवड्यांनी, कातडीखाली. वजनावर मात्रा बदलत नाही.

भुकटीच्या कुपीची कृती. 150 मिग्रॅच्या कुपीत 1.4 मिली निर्जंतुक पाणी सोडायचं. हलवायचं नाही; कुपी उभी धरून हळू फिरवायची, मग दर पाच मिनिटांनी पाच-दहा सेकंद. विरघळायला 15-20 मिनिटं, कधी जास्त लागतात. घाईने हलवलं की फेस होतो आणि 1.2 मिली पुरे निघत नाहीत. द्रव दाट असतो, टोचायलाही वेळ लागतो. 300 मिग्रॅसाठी दोन कुप्या, दोन जागा. साठवण 2 ते 8 अंश. दवाबाजारातून आणताना डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि कुपी यांच्यामध्ये पुठ्ठा, म्हणजे कुपी गोठणार नाही. पहिल्या तीन डोसांनंतर दोन तास बसवून ठेवायचं, पुढे अर्धा तास.

प्रतिसाद काहींना पहिल्याच महिन्यात दिसतो, काहींना उशिरा. सहा महिन्यांआधी निकामी म्हणायचं नाही. त्यानंतरची पायरी सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, रक्तदाब आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्तचाचणी) पाहत. डुपिलुमॅब या दुसऱ्या इंजेक्शनला अमेरिकेत एप्रिल 2025 मध्ये 12 वर्षांपासून याच आजारासाठी परवानगी मिळाली आहे. बाराखालच्या मुलांसाठी वरच्या पायऱ्या अजून अरुंदच आहेत, म्हणून त्यांच्यात खालची पायरी नीट चढवणं जास्त महत्त्वाचं.

3 फेब्रुवारी

"किती दिवस चालणार?" या प्रश्नाचं उत्तर मागच्या पानावर छापायचं ठरलं. थायलंडमध्ये 92 मुलांच्या पाहणीत आजार एका वर्षात 18.5 टक्के, तीन वर्षांत 54 टक्के आणि पाच वर्षांत 67.7 टक्के मुलांत शमला. कॅनडातल्या 139 मुलांच्या पाहणीत वेग दरसाल शंभरात दहाच्या आसपास निघाला. दोन आकड्यांत अंतर आहे, म्हणून पालकांना एक तारीख द्यायची नाही. वर्षांच्या भाषेत बोलायचं.

12 वर्षांवरच्यांसाठी यूसीटीचे (आजार किती ताब्यात आहे ते मोजणाऱ्या चाचणीचे) चार प्रश्न जोडले: 16 गुण म्हणजे पूर्ण ताबा, 12 पेक्षा कमी म्हणजे नाही. दर चार आठवड्यांनी, मुलाने स्वतः भरायचं.

पुढच्या छपाईतले बदल: 'अंग साफ असलं तरी द्या' मोठ्या अक्षरात, 'रस नको, पाणी' सिरिंजच्या चित्राखाली, आणि शाळेसाठी फाडून देता येईल अशी चिठ्ठी: हा आजार संसर्गजन्य नाही, मुलाला वेगळं बसवू नये.